गाजराची पुंगी

वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा बाजार उभा राहिला तो गाजराच्या पुंगीच्या याच हिशेबावर. गुण आला तर उत्तम. नाही आला तरी जीवनसत्त्वच पोटात जातंय, अपाय कसला व्हायचा? हिशेब पटण्याजोगा होता, आणि नेमका तोच चुकला. तो चुकू शकतो याची खूण मात्र 1973 सालीच हाती आली होती.

मोझेस गोम्बर्ग यांनी 1900 साली मिशिगन विद्यापीठात पहिलं मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, दाखवलं तेव्हा त्याचा आजारांशी काही संबंध नव्हता. रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एखादा एकटा उरला की तो रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजारी तिसऱ्याकडे हात घालतो. डब्यातलं तेल खवट होतं ते याच साखळीने. अतिऑक्सिजनाची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी मूलकंच असावीत, असं रेबेका गेर्शमन यांनी 1954 साली मांडलं; दोन वर्षांनी डेनम हार्मन यांनी म्हातारपणही त्याच खात्यावर टाकलं. हार्मन आधी शेल या तेलकंपनीत रसायनतज्ज्ञ होते. त्यांना माणूसही हळूहळू खवट होत जाणारा वाटावा, यात नवल नाही.

पुढे 1969 साली ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी एक जुनं कोडं सोडवलं. गुरांच्या रक्तातलं एक निळसर-हिरवं, तांबं असलेलं प्रथिन तीसेक वर्षं माहीत होतं, पण त्याचं काम काय ते कळत नव्हतं. ते सुपरऑक्साइड या मूलकाचा निकाल लावतं, असं निघालं. शरीर स्वतःच पहारा ठेवतं त्या अर्थी शत्रू खरा, अशी सगळ्यांची समजूत झाली. पण 1973 साली बॅबिओर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात, जंतू मारायला. ज्या मुलांच्या पेशींना जन्मतः ते बनवता येत नाही, त्यांना गंभीर जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा गाठतो. चुलीतला विस्तव घर पेटवू शकतो म्हणून कोणी चूल कायमची विझवत नाही. इथे मात्र तोच बेत आखला गेला: मूलकांना थोपवणारी द्रव्यं, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, गोळीतून द्यायची.

बेतामागे पुरावा नव्हता असं नाही. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत, रक्तात बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं अँटिऑक्सिडंट, जास्त असणाऱ्यांत कर्करोग कमी दिसे, आणि पेटो आणि डॉल या संशोधकांनी 1981 साली हा संबंध तपासून पाहावा असं सुचवलं. फिनलंडमध्ये 1985 पासून 50 ते 69 वयाच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासला गेला: कोणाला रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कोणाला ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, कोणाला नुसती औषधाविना गोळी. 1994 साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कर्करोग 18 टक्के जास्त. योगायोग म्हणावा, तर अमेरिकेतली 18,314 जणांची तशीच चाचणी जानेवारी 1996 मध्ये मुदतीच्या 21 महिने आधी थांबवावी लागली. तिथे वाढ 28 टक्के होती. फिनलंडच्या आकड्यांतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच, जेवणातून आलेलं बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कर्करोग कमीच झाला. पदार्थ तोच, ताटातून आला तेव्हा चांगल्या खाण्याची खूण होता, गोळीतून आला तेव्हा निव्वळ रसायन.

हे सगळे अट्टल धूम्रपान करणारे, त्यांच्यावरून इतरांना का घाबरवता, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे: 22,071 अमेरिकी डॉक्टरांत, जे बहुतेक धूम्रपान न करणारे होते, बारा वर्षांत ना फायदा दिसला ना तोटा. पण ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचणीत धूम्रपानाची अट नव्हती, तरी 2011 साली प्रोस्टेटचे कर्करोग 17 टक्के जास्त भरले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. चीनच्या लिनशियान भागात, जिथे आहारच निकस होता, बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर मृत्यू 9 टक्क्यांनी घटले. तो गुण मला उणीव भरल्याचा वाटतो. भरल्या पोटी तीच गोळी घेणाऱ्याने त्यावरून हिशेब मांडू नये.

अमेरिकेत 1994 सालीच, फिनलंडचा निकाल छापून आल्यावर काही महिन्यांत, पूरक गोळ्या गुणाची आगाऊ सिद्धता न मागता विकू देणारा कायदा झाला. एका जागी मात्र अशा गोळीने खरोखर काम केलं. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजतो, तो रोग पुढच्या टप्प्याला जाण्याचा धोका जस्त आणि अँटिऑक्सिडंटांच्या मिश्रणाने सुमारे 25 टक्क्यांनी उतरला, असं 2001 साली दिसलं. त्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होतं. 2013 सालच्या पुढच्या चाचणीनंतर, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धास्तीने, डोळ्यांच्या त्या गोळीतून गाजराचाच रंग वगळला गेला. त्याच्या जागी आलं ल्यूटिन, जे व्यापारासाठी बहुतकरून झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात.