घरच्या अंथरुणावरील अखेरची सेवा

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकात देवळाचा पाया केव्हा घातला, शाळा कोणी काढली, कोणकोणत्या फादरांनी येथे सेवा केली, याचा वृत्तांत येत असतो. आणि तो यावा हे उचितच होय. तथापि धर्मग्रामाचा इतिहास केवळ दगडविटांचा नसतो. तो आपल्या घरांतील जन्माचा, लग्नाचा आणि मरणाचाही असतो. या आनंदाच्या प्रसंगी आम्ही मरणाचा विषय काढतो, याबद्दल वाचकांनी रोष मानू नये. ज्या ख्रिस्तसभेचा सारा आनंद क्रुसाच्या पायथ्यापासून निघाला, तिच्या लेकरांस हा विषय अमंगळ वाटण्याचे कारण नाही.

विषय काढण्यास निमित्तही तसेच आहे. कर्करोगाचे दुखणे आता आपल्या लोकांस अपरिचित राहिलेले नाही. अकोल्याहून रोगी संगमनेरास, तेथून नाशकास, पुण्यास वा मुंबईस जातो. शस्त्रक्रिया होते, किरणे होतात, औषधांचे फेरे होतात. आणि पुष्कळ रोगी बरे होऊन परत येतात, याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत. परंतु कित्येकांच्या बाबतीत एके दिवशी डॉक्टर सांगतात की, यापुढील उपचाराने रोग हटणार नाही. आता घरी न्यावे. ते शब्द कानी पडताच घरात दोन तट पडतात. थोरला मुलगा म्हणतो, "जमिनीचा तुकडा विकू, पण दुसऱ्या इस्पितळात नेऊच." सून मनात म्हणते, रात्रीबेरात्री कळ उठली तर आम्ही काय करावे? भावकी म्हणते, पैशासाठी आईला घरी आणून टाकली. आणि जिचे दुखणे ती माउली ओसरीकडे तोंड करून निजण्यापलीकडे काही मागत नाही. बहुधा तिला कोणी विचारलेलेही नसते. घरी आणणे म्हणजे सेवा की टाकून देणे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास इतिहासाचे साह्य होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्याच जिल्ह्याकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेजुइट फादरांनी नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मिशनचे कार्य चालविले. त्यांपैकी फादर हेन्री डोरिंग यांनी सन १९०३ साली केंदळ येथून 'निरोप्या' हे मासिक सुरू केले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या काळी इस्पितळ दूर, वाटा कच्च्या. तेव्हा मरण घरीच येत असे. रोग्याची वर्दी आली की फादर घोड्यावर वा बैलगाडीने निघत. घरात पाटावर पांढरे वस्त्र अंथरून क्रूस व मेणबत्त्या ठेवीत. पापनिवेदन होई; डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांस पवित्र तेलाचे अभ्यंग होई; आणि प्रभूचे शरीरही मिळे. या अखेरच्या कम्युनियनास लॅटिन भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ वाटेची शिदोरी असाच होतो. शेतावर वा गावाला जाणाऱ्यास भाकरी बांधून देणाऱ्या आपल्या लोकांस तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परंतु त्या जुन्या मरणाचे अवास्तव गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. आत्म्याची तरतूद होती. देहाच्या वेदनेवर मात्र इलाज जवळजवळ नव्हता. कर्करोगाच्या रोग्याने रात्र रात्र कण्हावे आणि घरच्यांनी जपमाळ हाती धरून ऐकावे, एवढेच शक्य होते. शिवाय फादरांस बोलावणे म्हणजे आशा सोडणे, अशी समजूत पडल्यामुळे लोक त्यांस अगदी शेवटी, रोग्याची शुद्ध गेल्यावर बोलावीत. ही चूक दूर व्हावी म्हणून पोप सहावे पॉल यांनी सन १९७२ साली अभ्यंगाच्या विधीत सुधारणा केली. आता ते केवळ मरणाऱ्याचे नव्हे, तर गंभीर दुखणाईताचे साक्रामेंत म्हणून दिले जाते, आणि दुखणे वाढल्यास पुन्हाही देता येते. तरी जुनी भीती अद्यापि पुष्कळ घरांतून गेलेली नाही.

आता ख्रिस्तसभेच्या विशाल इतिहासाकडे वळू. रोम शहरी संत कमिलस (१५५०–१६१४) यांनी रोग्यांच्या सेवेसाठी एक संघ स्थापिला. जिवावर बेतले तरी रोग्यास सोडणार नाही, असे व्रत त्याचे सभासद घेत. ते इस्पितळांत तर जातच, परंतु मरणोन्मुख माणसाच्या घरी जाऊन त्याच्या उशाशी बसत. पुढे सन १६४८ साली रोम येथेच जेजुइट फादर विन्सेंट काराफा यांनी उत्तम मरणाची सोडॅलिटी काढली. संत योसेफ यांस येशू व मरिया यांच्या सन्निध मरण आले, अशी परंपरा असल्यामुळे सुमरणाचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांचा धावा करितो. ध्यानात घ्यावे की, सुमरणाचे हे चित्र एका घरातील आहे.

निव्वळ मरणोन्मुखांसाठी घरे काढण्याचा उपक्रम एकोणिसाव्या शतकात झाला. फ्रान्समधील लिओं शहरी जान गार्निए या बाईने, पती व मुले गमावल्यावर, सन १८४२ साली विधवांचा एक संघ जमवून असाध्य रोगाने खितपत पडलेल्या स्त्रियांची शुश्रूषा आरंभिली. आयर्लंडमधील सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी सन १८७९ साली डब्लिन येथे आणि सन १९०५ साली लंडनच्या पूर्व भागात, संत योसेफ यांच्या नावाने, अशीच गृहे उघडली. अमेरिकेत विख्यात कादंबरीकार नॅथानिएल हॉथॉर्न यांची कन्या रोझ हिने सन १८९६ पासून न्यूयॉर्कच्या गरीब कर्करोग्यांची फुकट सेवा केली व पुढे धर्मभगिनींचा संघ स्थापिला.

लंडनच्या त्या संत योसेफ गृहात सन १९५८ साली डॉक्टर सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आल्या. त्या कॅथोलिक नव्हत्या, परंतु श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या. तोवरची रीत अशी की, रोगी किंचाळू लागला म्हणजे मॉर्फीन द्यावयाचे. बाईंनी उलट नियम घातला. वेदना उठण्यापूर्वीच, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, बेताच्या मात्रेने औषध द्यावयाचे. मग रोगी गुंगीत न पडता बोलू, जेवू व प्रार्थना करू लागला. त्यांचा दुसरा सिद्धांत असा की, वेदना केवळ देहाची नसते; मनाची, संसाराच्या चिंतेची आणि आत्म्याची वेदना तीत मिसळलेली असते, म्हणून चारही बाजूंनी उपाय केला पाहिजे. सन १९६७ साली त्यांनी संत क्रिस्टोफर यांच्या नावाने आपले हॉस्पिस उघडले. आणि अवघ्या दोन वर्षांनी, सन १९६९ साली, तेथील परिचारिका रोग्यांच्या घरोघरी जाऊ लागल्या. म्हणजे हॉस्पिस ही एक इमारत नसून एक सेवा आहे, हे तेव्हाच ठरून गेले.

आपल्या देशात मुंबईचे टाटा मेमोरियल इस्पितळ सन १९४१ साली सुरू झाले. तेथे कर्करोग हटविण्याचे फार मोठे कार्य झाले. पण जो हटत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर म्हणून कॅथोलिक शल्यवैद्य डॉक्टर एल. जे. डिसोझा यांनी सन १९८६ साली वांद्र्याच्या मोत माउलीच्या टेकडीवर 'शांती अवेदना सदन' उघडले. ते हिंदुस्थानातील पहिले हॉस्पिस होय, आणि तेथे रोग्यांची शुश्रूषा धर्मभगिनी करितात. पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. सन १९९७ साली पुण्यास वारजे येथे सिपला कंपनीच्या साह्याने एक केंद्र निघाले. तेथे कर्करोग्यांची विनामूल्य सेवा होते व घरच्या माणसांस शुश्रूषा शिकविली जाते. केरळात सन १९९३ साली कालिकत येथे आरंभ होऊन सन २००१ पासून गावोगावच्या साध्या माणसांनी, शिक्षकांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी, शेजारच्या असाध्य रोग्यांची जबाबदारी उचलली. हा कित्ता आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कारण त्यास मोठे इस्पितळ लागत नाही, शेजारधर्म लागतो.

या वाटेत एक मोठी धोंड होती. अफू पिकविणाऱ्या आपल्या देशातच गरीब रोग्यास मॉर्फीन मिळेना. सन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागू लागले आणि दुकानांनी व इस्पितळांनी ते औषध ठेवणेच सोडले. सन २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांस ते ठेवणे सुलभ झाले. तरी ते सर्वत्र मिळते असे नाही. म्हणून मोठ्या इस्पितळातून रोग्यास घरी आणतानाच वेदनेचे औषध कोठून मिळेल, चिठ्ठी कोण देईल, हे लेखी विचारून घ्यावे. त्याचप्रमाणे सरकारच्या आरोग्य केंद्रांतून द्यावयाच्या सेवांत सन २०१८ पासून या उपशामक सेवेचाही समावेश झाला आहे. तिची मागणी करणे हा आपला हक्क होय.

आता भाविकांच्या मनातील शंका. उपचार थांबविणे पाप नव्हे काय? मॉर्फीनने मरण लवकर आले तर? या दोन्ही शंकांचे उत्तर पोप बारावे पायस यांनी सन १९५७ सालीच वैद्यांस दिले आहे. त्यांच्या शिकवणीचा आशय असा की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय केलेच पाहिजेत. परंतु रोग्यावर वा कुटुंबावर असह्य भार घालणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. तसेच वेदना शमविण्याच्या हेतूने, दुसरा इलाज नसता, योग्य मात्रेत औषध देणे निषिद्ध नाही, जरी त्याने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरी. हीच शिकवण सन १९८० च्या रोमच्या घोषणापत्रात व कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२७८ व २२७९ या कलमांत आली आहे. जाणूनबुजून जीव घेणे हे मात्र सर्वकाळ पापच. मरण आणणे वेगळे, आणि येणारे मरण स्वीकारणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करिताना 'निष्क्रिय इच्छामरण' असा शब्द योजिला, त्यावरून कित्येकांचा गोंधळ झाला. म्हणून हा भेद येथे स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटले. आणखी एक गोष्ट. उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असे नव्हे. पाणी, अन्न जेवढे अंगी लागेल तेवढे, स्वच्छता, ऊब व सोबत ही रोग्याची अखेरपर्यंतची देणी आहेत.

या सर्व वृत्तांतावरून आमचा निष्कर्ष असा. औषधावाचून, शिकलेल्या हातांवाचून आणि शेजाऱ्यांवाचून रोग्यास घरी आणणे ही जुन्या काळची लाचारी होती. तिला आता सेवा म्हणता येणार नाही. परंतु वेदनेचे औषध वेळेवर मिळत असेल, ते दिले असता बद्धकोष्ठ होते म्हणून त्याचेही औषध सोबत असेल, कूस दर दोन तासांनी बदलून पाठीस जखम न पडू देण्याची रीत घरच्यांनी शिकून घेतली असेल, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने टिपणारे कोणी असेल, आणि संकटसमयी विचारण्यास एखादा डॉक्टर वा परिचारिका असेल, तर घरासारखे दुसरे हॉस्पिस नाही. जेथे हे जमत नाही, जेथे वेदना आवरत नाही किंवा सेवा करणारे एकच माणूस खचून गेले आहे, तेथे रोग्यास हॉस्पिसात वा इस्पितळात ठेवण्यात यत्किंचितही कमीपणा नाही. आणि निर्णय काहीही होवो, ज्याचे दुखणे त्यास आधी विचारावे. खरे दडवून ठेविले म्हणजे रोग्याचे भय जात नाही. ते त्यास एकट्याने सोसावे लागते, एवढेच. शिवाय क्षमा मागणे, देणे, लेकरांस चार शब्द सांगणे, पापनिवेदन करणे, या कामांस वेळ लागतो. तो त्याच्यापासून हिरावून घेण्याचा आपणांस अधिकार नाही.

अकोले तालुक्याचा मुलूख वाचकांच्या परिचयाचा आहे. खाली प्रवरेकाठी उसाचे मळे व पक्के रस्ते. वर राजूर, भंडारदरा, रतनवाडीकडे डोंगर, आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस कोसळणारा पाऊस. अशा रात्री वरच्या वाडीतील रोग्यास कळ उठली तर शहरातील वैद्य उपयोगी पडत नाही. उशाशी ठेवलेले औषध व शेजारचे माणूस उपयोगी पडते. म्हणून ज्युबिलीची आठवण म्हणून आपण एक लहानसा निश्चय करावा, असे सुचविण्याचे धाडस आम्ही करितो. चार-सहा स्त्रीपुरुषांनी शुश्रूषा शिकून घ्यावी. तरुणांनी आळीपाळीने रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत, म्हणजे घरच्यांस एक झोप मिळेल. सन १९७३ पासून ख्रिस्तसभेने योग्य अशा प्रापंचिकांसही कम्युनियन नेण्याची मुभा दिली आहे. तेव्हा फादरांस येणे अशक्य असेल तेथेही प्रभू रोग्याच्या घरी येऊ शकतो. आणि अभ्यंगासाठी फादरांस लवकर, रोग्याची शुद्ध असतानाच, कळवावे.

आपल्या पूर्वजांनी मरणाऱ्यास शिदोरीवाचून वाटेला लावले नाही. देहाचा दाह मात्र त्यांस शमविता आला नाही. तेवढे साधन त्यांच्यापाशी नव्हते. आपल्यापाशी दोन्ही आहे. अशा स्थितीत आपल्यातील एखादा कण्हत वा एकाकी गेला, तर तो दोष काळाचा नव्हे, आपला ठरेल. संत योसेफ, सुमरणाचे आश्रयदाते, आमच्या घरांतील दुखणाइतांसाठी आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांसाठी विनंती करोत.