दलालाचा सल्ला आणि भाड्याचे घर : आखातातील गुंतवणूकदाराने तपासावयाच्या गोष्टी

मस्कतमधील वादी कबीर हा डोंगरांच्या कुशीत वसलेला, रुवीला लागून असलेला परिसर भारतीय नोकरदारांच्या ओळखीचा आहे. इंडियन स्कूल, वर्कशॉप, जुन्या गाड्यांचा बाजार आणि मध्यम भाड्याच्या इमारती असे त्याचे स्वरूप. येथे राहणारी जवळजवळ सर्व भारतीय कुटुंबे भाडेकरू आहेत, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. ओमानमध्ये २००६ च्या शाही फर्मानानुसार परदेशी व्यक्तीला पूर्ण मालकीचे घर घेता येते ते मुख्यतः एकात्मिक पर्यटन संकुलांत. मस्कतमधील अल मौज किंवा सलालातील हवाना ही अशी संकुले. त्यांचे दर वादी कबीरमधील पगारदाराला सहसा झेपणारे नसतात. त्यामुळे वर्षानुवर्षे साठवलेले रियाल पुणे, ठाणे, नाशिक किंवा दुबई येथील घराकडे वळतात. ‘घेऊन ठेवा, भाडे येत राहील’ हे वाक्य त्या वाटेवर पहिल्यांदा भेटते ते दलालाच्या तोंडून.

दलाली हा सन्मान्य व्यवसाय आहे, आणि दूर राहणाऱ्या ग्राहकाला स्थानिक माहितगाराची गरज असतेच. प्रश्न आहे तो मोबदल्याचा. नव्या प्रकल्पातील घर विकले गेले की दलालाला विकासकाकडून विक्रीमूल्याच्या प्रमाणात दलाली मिळते. पुढील दहा वर्षांत भाडेकरू मिळाला की नाही, याचा त्याच्या कमाईशी काहीही संबंध नसतो. म्हणून त्याचा सल्ला हा विक्रेत्याच्या प्रतिनिधीचा सल्ला समजावा. तो खोटा असेलच असे नाही, पण तो अपुरा असतो.

डोंबिवलीचा धडा

कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातील ६५ इमारतींचे प्रकरण प्रत्येक अनिवासी खरेदीदाराने नीट समजून घ्यावे. या इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली. ग्राहकांनी नोंदणी क्रमांक पाहिला, बँकांनी कर्जे दिली, कुटुंबे राहायला आली. एका वास्तुविशारदाने माहितीच्या अधिकारातून पाठपुरावा केल्यावर हा बनाव उघडकीस आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो रहिवाशांना संरक्षणासाठी सरकारदरबारी धाव घ्यावी लागली. त्याच सुमारास नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारतीही न्यायालयाच्या आदेशानुसार भुईसपाट झाल्या.

यातून निघणारा अर्थ अनेकांना अस्वस्थ करणारा आहे. महारेराचा क्रमांक आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. बांधकाम परवानगीची प्रत दलालाकडून न घेता थेट महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यावी. मालकी हक्काचा किमान तीस वर्षांचा शोध स्वतः नेमलेल्या वकिलाकडून करवून घ्यावा. विकासकाने किंवा दलालाने सुचवलेला वकील या कामासाठी नको. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ‘अर्ज केला आहे, येईलच’ हे उत्तर म्हणजे नकारच.

कायदा दलालाला किती बांधतो?

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात अशा दलालाचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो, तर प्रकल्पाचा ‘पी’ने. महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही अनिवार्य केली आहे. चुकीची माहिती देणे किंवा कागदपत्रे दडवणे हा कायद्याने गैरप्रकार ठरतो. नोंदणीविना व्यवहार केल्यास दिवसाला १०,००० रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय विकासकाला नोंदणीकृत करार केल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मस्कतच्या हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनात ‘आज बुकिंग केल्यास सवलत’ म्हणून मोठा धनादेश मागितला गेला, तर ही तरतूद आठवावी.

मात्र या संरक्षणाच्या मर्यादाही आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. पुनर्विक्रीचे जुने घर आणि भाडेकरू शोधून देणे ही कामे या कायद्याच्या कक्षेत जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे ज्या टप्प्यावर भाड्याची गुंतवणूक खरी ठरते किंवा फसते, तेथे दलालावर कोणाचाच वचक नसतो.

परताव्याचा हिशेब

पुण्यातील ८० लाखांचे घर आणि २२,००० रुपये मासिक भाडे हे उदाहरण घेऊ. दलाल सांगेल, वर्षाला २ लाख ६४ हजार, म्हणजे ३.३ टक्के. आता उरलेला हिशेब. सात टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार, एक टक्का दलाली ८० हजार. घर पडले ८६ लाख ७० हजारांना. बांधकाम चालू असलेले घर असेल तर वस्तू व सेवा कर वेगळा. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर भाडे उरते २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ४८ हजार, मिळकत कर १२ हजार, भाडेकरू आणून देण्याची एक महिन्याची दलाली २२ हजार आणि किरकोळ दुरुस्ती १५ हजार वजा केल्यास हाती येतात १ लाख ४५ हजार. परतावा १.७ टक्क्यांहूनही कमी. हे घर साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर घेतले असेल, तर मालक दरमहा भाडेकरूच्या निवाऱ्याला अनुदानच देत असतो. किंमत वाढेल या आशेवर ही तूट सोसणे हा निर्णय असू शकतो. पण तो किंमतवाढीवरील सट्टा आहे, भाड्याचे उत्पन्न नव्हे, एवढे स्वतःशी मान्य करावे.

‘हमखास भाडे’ देणाऱ्या योजनांविषयी थोडक्यात एवढेच की, ते भाडे बहुधा वाढीव किमतीतून ग्राहकाचेच पैसे त्याला परत करून दिले जाते. विकासक अडचणीत आला की पहिल्यांदा तेच थांबते.

अनिवासी मालकाच्या खास अडचणी

दलाल सहसा न सांगणारी बाब कराची आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करावा लागतो, आणि त्यासाठी भाडे किती याची किमान मर्यादा नाही. वरील उदाहरणात ही कपात वर्षाला सुमारे ७५ हजार होते. भारतात दुसरे उत्पन्न नसल्यास प्रत्यक्ष कर बहुधा शून्य येतो, परंतु कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. अनेक भाडेकरू या कटकटीमुळेच अनिवासी मालकाचे घर नाकारतात. भाडे सहसा एनआरओ खात्यात जमा केले जाते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही. ‘बिगरशेती लवकरच होईल’ असे सांगून विकले जाणारे भूखंड म्हणूनच धोक्याचे.

दुसरी बाब भाडेकराराची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची असून कसूर झाल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असल्यास मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. तसेच घर भाड्याने दिले म्हणून सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क आकारता येत नाही.

सर्वांत नाजूक कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र. सुट्टी मिळत नाही म्हणून ते मस्कतमधील भारतीय दूतावासात साक्षांकित करून दलालाच्याच नावे पाठवण्याची सोय अनेकजण पाहतात. अशा कागदात विक्रीचा, गहाणाचा किंवा रक्कम स्वीकारण्याचा अधिकार कधीही देऊ नये. काम नेमके लिहावे, मुदत घालावी, आणि शक्यतो जवळच्या नातेवाइकालाच मुखत्यार नेमावे. परदेशात केलेल्या अशा दस्तावर तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. केवळ मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेतल्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुबई आणि ओमानमधील खरेदी

वादी कबीरहून दुबई मोटारीने काही तासांवर आहे, त्यामुळे तेथील बांधकामाधीन घरांचे आकर्षण मोठे. तेथे ग्राहकांचे पैसे विश्वस्त खात्यात ठेवण्याचा कायदा २००७ पासून आहे, आणि दलालाला दुबई भूमी विभागाची नोंदणी लागते. भरणा दलालाच्या वा त्याच्या कंपनीच्या खात्यात न करता त्या प्रकल्पाच्या विश्वस्त खात्यातच करावा. भूमी विभागाचे चार टक्के शुल्क आणि वार्षिक सेवाशुल्क हे दोन आकडे जाहिरातीतील परताव्यात क्वचितच धरलेले असतात. ओमानमध्येही विकास प्रकल्पांसाठी विश्वस्त खात्याचा कायदा २०१८ मध्ये आला. पर्यटन संकुलाबाहेरचे घर एखाद्या ओमानी परिचिताच्या नावे घेण्याचा सल्ला दलालाने दिल्यास बोलणी तेथेच थांबवावीत. अशा व्यवहारात नोंदीवर मालक दुसराच असतो, आणि दाद मागायला गेल्यास कायदा चुकवण्याच्या हेतूचा खुलासा खरेदीदारालाच करावा लागतो.