तळटीप : कांद्याची निर्यातबंदी आणि गॅटचे अकरावे कलम

‘निर्यातीचा गळा घोटला’ : लेखकाने येथे निर्यातशुल्क आणि निर्यातबंदी एकाच मापाने मोजली आहेत. कायद्याच्या नजरेत ती वेगळी. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे अकरावे कलम निर्यातीवर बंदी वा कोटा घालू देत नाही. शुल्काला मात्र त्याची आडकाठी नाही. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर लावलेले ४० टक्के शुल्क या कलमात अडकत नाही. ८ डिसेंबर २०२३ च्या सरसकट बंदीला मात्र त्यातल्याच अपवादाचा आधार घ्यावा लागतो : अन्नपदार्थ किंवा इतर अत्यावश्यक वस्तूंची गंभीर टंचाई टाळण्यासाठी बंदी चालते, पण तात्पुरती. तात्पुरती म्हणजे किती दिवस, हे करार सांगत नाही. बॉक्साइटवर वर्षानुवर्षे कोटा ठेवणाऱ्या चीनचा हा बचाव जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०१२ मध्ये मान्य केला नाही. कांद्यावरची बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. लासलगावच्या शेतकऱ्याला हे कलम थेट उपयोगी नाही, लेखकाची तशी समजूत दिसत असली तरी. जागतिक व्यापार संघटनेत दाद फक्त सदस्य सरकारांनाच मागता येते. — संपा.