आयसीयूतून मूल घरी आलं, पण पूर्वीसारखं का नाही?

डेंग्यू, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वरातून वाचलेलं मूल घरी येतं. रिपोर्ट नॉर्मल, पेढे वाटून झालेले. पण असल्फ्याच्या डोंगरावरच्या ज्या पायऱ्या ते पळत चढायचं, त्यांवर आता दहाव्या पायरीलाच बसतं. रात्री दचकून उठतं. आईला मोरीपर्यंतही जाऊ देत नाही.

हे नाटक नव्हे. याला 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. मुलांसाठी त्याची वेगळी मांडणी २०१८ मध्ये झाली. तीत शरीर, बुद्धी, भावना आणि इतरांत मिसळणं हे सगळं पाहतात, शिवाय आईवडील आणि भावंडंही. सावरायला काही मुलांना आठवडे लागतात, काहींना वर्षंही.

पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात. झोपेची औषधं, रात्रंदिवस जळणारे दिवे आणि मशीनचे आवाज यांमुळे काही मुलांना भास होतात; त्यांची भीती घरीही सोबत येते. अंथरूण ओलं करणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं हेही त्यातलंच. नळीमुळे घोगरा झालेला आवाज बहुधा सुधारतो, पण श्वास घेताना घरघर येत असेल तर वाट पाहू नका.

मेंदूज्वर झाला असेल तर कानांची तपासणी डिस्चार्जआधी किंवा घरी आल्यावर महिनाभरात करून घ्याच. कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलाला आपण 'ऐकतच नाही' म्हणून ओरडतो आणि त्यात बोलायला शिकायचे महिने निघून जातात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते.

शाळा आधी अर्धा दिवस, आणि वर्गशिक्षकांना सगळं सांगून. फॉलोअपसाठी पालिकेचं राजावाडी जवळ आहे. शीवचं लोकमान्य टिळक आणि परळचं वाडिया रुग्णालयही मध्य रेल्वेच्याच मार्गावर. ताप गेला म्हणून फॉलोअप सोडू नका. चालणं, बोलणं, झोप याबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

आईवडिलांनाही झोप लागत नाही, मॉनिटरचा आवाज कानात राहतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपा. आयसीयूत इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर गोवराची लस काही महिने पुढे ढकलावी लागते, आणि लसीकरणाच्या वेळी ते त्या कार्डावरूनच कळतं.