पाटसकर आणि हिंदू कायद्याची सुधारणा

सुधारणेचा उद्घोष करणाऱ्यांचे स्मरण समाज आदराने ठेवतो. ती कलमाकलमाने सभागृहातून पार नेणाऱ्यांची नावे मात्र बहुधा राजपत्राच्या पानांतच राहून जातात. हरि विनायक पाटसकर हे असेच एक नाव होय.

पाटसकरांचा जन्म १८९२ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूरचा. वकिली त्यांनी केली ती खानदेशात, चाळीसगावी. तालुक्याच्या न्यायालयात हिंदू कायदा ग्रंथरूपाने अवतरत नाही; तो वाटणीच्या दाव्यांतून, पोटगीच्या अर्जांतून आणि विधवेच्या मिळकतीवरील तंट्यांतून समोर येतो. पुढे संविधान सभेत आणि १९५२ साली जळगावहून लोकसभेत गेलेल्या या वकिलावर एक अवघड काम येऊन पडावयाचे होते.

त्या कामाची पूर्वपीठिका क्लेशकारक आहे. डॉ. आंबेडकरांनी विधिमंत्री या नात्याने हिंदू संहितेचे विधेयक एकसंध स्वरूपात मांडले. जन्मसिद्ध सहदायादीचा मिताक्षरा पंथ त्यांना मोडावयाचा होता आणि मुलीला मुलाइतका वाटा द्यावयाचा होता. चार कलमे संमत झाली आणि विधेयक अडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी राजीनामा दिला.

निवडणुकीनंतर शासनाने मार्ग बदलला व संहितेचे चार स्वतंत्र कायदे करण्याचे ठरविले. विधि मंत्रालयातील मंत्री म्हणून पाटसकरांनी विवाह व वारसा या विधेयकांची धुरा लोकसभेत वाहिली. १९५५ च्या कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक झाले आणि घटस्फोटाची वाट खुली झाली. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ साली आणि घटस्फोटाचा १९४७ साली झालाच होता. आता ते तत्त्व बहुतेक साऱ्या देशातील हिंदूंस लागू झाले. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने तर, काही मोजके अपवाद वगळता, स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. ज्या जमिनीचे उत्पन्न विधवेने केवळ हयातीपर्यंत खावयाचे, ती विकण्याचा वा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला.

परंतु या यशाची किंमतही नमूद केली पाहिजे. सहाव्या कलमाने मिताक्षरा सहदायादी कायम ठेवली. पिता वारला, पत्नी आधीच निवर्तलेली, मागे एक मुलगा व एक मुलगी आहेत, असे समजा. वडिलोपार्जित मिळकतीची प्रथम बाप व मुलगा यांच्यात कल्पित वाटणी व्हावयाची; मग बापाचा अर्धा हिस्सा दोन्ही अपत्यांत विभागावयाचा. मुलाच्या पदरी बारा आणे आले, मुलीच्या चार. आंबेडकरांना जे अभिप्रेत होते, ते हे नव्हे.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला सहदायाद केले, पण त्या कायद्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. संपूर्ण देशासाठी ती दुरुस्ती २००५ साली झाली, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ साली पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणजे सहाव्या कलमाने मुलींची जवळजवळ अर्धे शतक खर्ची घातली.

मग पाटसकरांचे मोल कसे ठरवावे? माझी नोकरी मसुदे आणि टिपणे यांत गेली आहे, म्हणून असेल कदाचित, पण मला अपुऱ्या कायद्याचा तिरस्कार करवत नाही. संमत झालेल्या कलमात दुरुस्ती करता येते. न झालेल्या विधेयकाला तेही भाग्य लाभत नाही. मात्र तडजोडीचे हे समर्थन करताना, चार आण्यांवर समाधान मानावे लागलेल्या त्या मुलीचे तोंड डोळ्यांआड होऊ देणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

पुढे पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले; आंध्र व मद्रास यांचा सीमातंटा मिटविताना गाव हा घटक धरणारे त्यांचे सूत्र आजही आपल्या सीमाप्रश्नात उद्धृत होते. १९७० साली ते निवर्तले. आज एखादी विधवा स्वतःच्या नावाच्या शेताचे खरेदीखत करून देते, तेव्हा त्या कागदावर पाटसकरांचे नाव कोठेही नसते. तथापि तिच्या अंगठ्याला वा सहीला जे वजन आले आहे, त्यात त्यांच्या श्रमाचा वाटा आहे.