न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि कामगारांचा न्याय

आपल्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात, व ते योग्यच होय. यंदा ज्यांच्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आपल्या ज्ञातीतले नव्हेत, बारामती-इंदापूरकडचेही नव्हेत. तरीही त्यांचे ऋण आपल्या अनेक कुटुंबांवर आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने या दोन तालुक्यांत ऊस आणला आणि उसामागून कारखाने आले. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या ठिकाणी आपल्यातील कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ हंगामी म्हणून लागला व पुढे कायम झाला. दिवाळीच्या तोंडावर या घरांतून बोनसची चर्चा होते. पण तो बोनस कोणत्या हिशेबाने ठरू लागला, हे सांगणारा विरळाच.

आपल्याकडे ‘लवाद’ म्हटले की ऊसतोडणीच्या दराचा लवाद आठवतो. शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांनी मजूर आणि कारखाने यांच्यामध्ये बसून तोडणीचे दर ठरविल्याचे आपण पाहिले आहे. असा लवाद उभयपक्षांच्या संमतीने चालतो. कायद्याने नेमलेल्या औद्योगिक न्यायाधिकरणाची रीत निराळी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यान्वये तंटा सरकारने सोपविल्यावाचून न्यायाधिकरणापुढे सहसा जातच नसे. हा भेद ध्यानी ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित, बंधू अश्वत्थामाचार्य हेही संस्कृतचे नामांकित प्राध्यापक. साताऱ्याची शाळा, धारवाडचे कर्नाटक कॉलेज, नंतर पुण्याचे डेक्कन कॉलेज असे शिक्षण होऊन ते १९२४ मध्ये एम. ए. झाले व १९२६ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. दत्तकविधानावरील ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. धर्मशास्त्रात मुरलेला हा विद्वान पुढे गिरणी, पेढी व इस्पितळ यांतील कामगारांच्या पगाराचा हिशेब करीत बसेल, असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल! १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

कामगार-प्रश्नाशी त्यांचा मोठा संबंध आला तो बँक-निवाड्याच्या निमित्ताने. बँक-नोकरांच्या वेतनाविषयी अपील न्यायाधिकरणाने १९५४ मध्ये दिलेला निर्णय केंद्र सरकारने बदलला, तेव्हा मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारला आयोग नेमणे भाग पडले. न्या. राजाध्यक्ष यांचे मध्येच निधन झाल्याने ते काम गजेंद्रगडकरांकडे आले. त्यांनी १९५५ मध्ये अहवाल दिला व काही फेरफारांसह मूळ निर्णय पुन्हा लागू करण्याची शिफारस केली. संसदेने त्याच वर्षी तसा कायदा केला. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध मत द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यांच्या आयुष्यातील मोलाचा काळ प्रस्तुत लेखकाच्या मते येथून सुरू होतो. क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात त्यांनी असे प्रतिपादिले की, जो उद्योग आपल्या मजुरांना निदान किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला जगण्याचा हक्कच नाही. ‘धंद्याला परवडत नाही’ ही मालकाची सबब निदान त्या पातळीखाली चालेनाशी झाली. १९५९ मध्ये असोशिएटेड सिमेंटच्या खटल्यात बोनसचा प्रश्न आला. ढोबळ नफ्यातून प्रथम घसारा वजा करावा, मग आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा, खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने परतावा आणि यंत्रे नवी करण्यासाठी राखीव निधी. यानंतर उरेल त्यात मजुराचा वाटा. हे सूत्र त्यांचे नव्हे, १९५० मध्ये अपील न्यायाधिकरणाने बसविलेले. परंतु त्यांनी ते तपासून, समजावून देऊन टिकविले. १९६५ साली बोनसचा स्वतंत्र कायदा झाला व आज किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, त्याची पाळेमुळे या हिशेबात आहेत.

१९६० चा इस्पितळाचा निकाल तर मुळातून समजून घेण्यासारखा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय-समूहातील दोन वॉर्ड-सेवकांना भरपाई न देता कमी करण्यात आले होते. सरकारचे म्हणणे असे की, इस्पितळ हा धंदा नव्हे, म्हणून औद्योगिक कायदा लागू नाही. गजेंद्रगडकरांनी ते अमान्य केले. नफा मिळतो की नाही हे पाहावयाचे नसून मालक व नोकर यांच्या सहकार्याने लोकांना सेवा पुरविली जाते की नाही हे पाहावयाचे, असा त्या निकालाचा आशय होय. दोन सामान्य सेवकांची नोकरी वाचली आणि देशभरच्या हजारोंना आधार मिळाला.

मात्र त्याच न्यायमूर्तींनी १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात शिक्षणसंस्था ‘उद्योग’ नाही असे ठरविले. विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसगाड्या तोट्यात जातात म्हणून चालकांना काढून टाकले होते. त्यांना कायद्याची भरपाई नाकारली गेली. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य शाळेत गेले असल्याने हा निकाल त्याला कधीच पटला नाही. विद्यादान पवित्र खरे, पण शाळेच्या शिपायाची व गाडीवानाची भाकरी त्या पावित्र्यावर भाजत नाही. इस्पितळाला लावलेला न्याय विद्यालयाला का नाही, याचे समाधानकारक उत्तर त्या निकालात सापडत नाही. १९७० मध्ये इस्पितळाचा निकालही दुसऱ्या पीठाने फिरविला. अखेर १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इस्पितळाचा निकाल पुन्हा प्रस्थापित केला व विद्यापीठाचा रद्द केला. हे सारे गजेंद्रगडकरांच्या हयातीतच घडले.

१ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ ते भारताचे सरन्यायाधीश होते. निवृत्तीनंतर विश्रांती अशी नाहीच. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पुढे १९७१ ते १९७७ विधि आयोगाचे अध्यक्षपद, १९७२ मध्ये पद्मविभूषण. यातही डिसेंबर १९६६ मध्ये नेमलेला राष्ट्रीय श्रम आयोग आपल्या विषयाला जवळचा. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच असा आयोग. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याचा अहवाल सादर झाला. कोणता तंटा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा हे सरकारच्या मर्जीवर नसावे, त्यासाठी केंद्रात व राज्यांत स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोग असावेत, ही त्यातील मुख्य शिफारस. बँक-निवाड्याच्या वेळी सरकारचा हात कोठवर पोहोचतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. ती शिफारस कपाटात राहिली.

१२ जून १९८१ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. इंग्रजीत लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातील इतर काही कलमांवर कामगार संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत. परंतु समेट न झाल्यास कामगाराला सरकारच्या संदर्भावाचून स्वतःच न्यायाधिकरणापुढे जाण्याची वाट तीत आहे. स्वतंत्र आयोग मात्र झाले नाहीत.