'शिवालय'मधला य आणि तिरकी रेघ

अंबरनाथच्या शिवमंदिराचे फोटो संगणकात उतरवून घेतले की फायलींना आपण 'शिवालय', 'पायऱ्या' अशी नावं बिनदिक्कत देवनागरीत देतो. या मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. देवनागरीतल्या फायलीच्या नावाला मात्र अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत.

बेल लॅब्समधल्या जुन्या युनिक्स या संगणक-प्रणालीत फायलींच्या यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची होती. त्यातले दोन बाइट क्रमांकाला जात, नावाला उरत चौदा. नावात दोनच गोष्टींना मनाई होती: शून्य बाइट आणि तिरकी रेघ. रेघेनं एक फोल्डर दुसऱ्यापासून वेगळा होतो. बाकी काहीही चालायचं, मोकळी जागा चालायची, अगदी ओळ तोडणारं चिन्हसुद्धा! ही ढिलाई म्हणा की औदार्य, पुढे आपल्या कामी आली.

त्रास झाला तो यादी दाखवणाऱ्यांना. १९७४च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत स्टॅन कुगेल यांनी 'डायरेड' लिहिला. तोच पुढे ईमॅक्स या संपादकाचा फाइल व्यवस्थापक झाला. तो आजही 'एलएस' आज्ञेकडून यादी मागवतो आणि साधा मजकूर म्हणून समोर ठेवतो. साहजिकच नावात ओळ तुटली की एका फायलीच्या दोन ओळी होतात. त्यावर 'उणे बी' हा पर्याय आहे. न छापता येणारं चिन्ह तो उलट्या तिरक्या रेघेच्या खुणेनं लिहून दाखवतो. यंत्रणा युनिकोडवर बेतलेली नसेल, तर 'शिवालय'मधला श तिथे ३४०, २४४, २६६ असे आठच्या पायावरचे आकडे होऊन दिसतो. वाचवत नाही, पण खोटंही नाही. तिथे प्रश्नचिन्ह छापून मोकळ्या होणाऱ्या प्रोग्रामपेक्षा मला हा प्रामाणिकपणा बरा वाटतो.

डॉसच्या काळात मराठी पान जुळवणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नाही. पान मराठीत असलं तरी फायलीचं नाव रोमन आणि आठच अक्षरांचं. 'शिवमंदिर' रोमनमध्ये दहा अक्षरांचं होतं, म्हणजे दोन अक्षरं गाळणं आलंच.

खरी मेख युनिकोडमध्ये होती. त्यात 'य'चा क्रमांक सोळाच्या पायावर ०९२एफ. तो दोन बाइटांत लिहिला तर दुसरा बाइट येतो २एफ, आणि तिरक्या रेघेचा क्रमांकही २एफच. 'शिवालय' असं नाव त्या रूपात युनिक्सला दिलं असतं, तर शेवटच्या अक्षराच्या पोटातच त्याला फोल्डरची सीमा दिसली असती. 'शिवमंदिर' या एका घातातून सुटलं असतं, कारण त्यात य नाही.

सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्प्सन यांनी ताटाखालच्या कागदावर तोडगा मांडला, तेव्हा रॉब पाइक सोबत होते. काही दिवसांत त्यांची 'प्लॅन ९' ही प्रणाली त्यावर चालू लागली. आज ज्या पद्धतीला आपण यूटीएफ-८ म्हणतो, तिची कल्पना फाइल-प्रणालीला सुरक्षित असा संकेत हवा या गरजेतूनच निघाली. तिच्यात देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचा असतो. रेघ ४७वर, त्यामुळे गाठ पडत नाही.

याची किंमत जागेत मोजावी लागते. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. 'शिवमंदिर'ची चिन्हं आठ, म्हणून बाइट २४. चौदा बाइटांच्या युनिक्समध्ये 'शिवम'पुढे जागा संपली असती. आज लिनक्सवर मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. विंडोजवर तेवढ्याच आकड्यात २५५ चिन्हं बसतात, म्हणून तिथलं लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उतरवताना अडतं.

मराठीचं खास दुखणं वेगळंच आहे. गाभारा सभामंडपापेक्षा खोल असल्यानं तिथे पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि त्याच 'पायऱ्या' यादीत दोनदा दिसू शकतात. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, तर दुसरीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना नाव एकच, पण यंत्राच्या लेखी फायली दोन. मॅकच्या जुन्या फाइल-प्रणालीत तर ऱ फोडून र आणि नुक्ता असाच साठवला जाई. ईमॅक्समध्ये अक्षरावर कर्सर ठेवून विचारलं की क्रमांक कळतो, आणि जुळी उघडी पडतात.

तेव्हा नावं रोमनमध्ये बदलत बसू नका. फक्त ऱ टंकण्याची एकच पद्धत धरा, आणि एकसारखं दिसणारं नाव पुसण्याआधी त्याचे क्रमांक तपासा.